पडद्याच्या कोपऱ्यातली अक्षरं

माझी भाची आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहते. तिच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात होतं. पण मला लिहायची सवय नाही, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं की ती चुका काढते, म्हणून राहून जात होतं.

लहानपणी तापात तिची दृष्टी गेली. मोठी झाल्यावर ती एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखायची, आणि तो रजेचं खरं कारण सांगतोय की थाप मारतोय हेसुद्धा. आमची ही तिला तेव्हापासून 'कानसेन' म्हणते. पुढे कारखान्याने तो टेलिफोनचा बोर्डच काढून टाकला. साहेब म्हणाले, "तुम्ही नुसत्या येऊन बसत जा, पगार चालू राहील." भाची म्हणाली, "नुसतं बसायला मला येत नाही." नोकरी सोडली आणि पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर टायपिंग शिकली.

आता ती डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. डॉक्टर रुग्ण तपासून झाले की बोलून ठेवतात. ती रेकॉर्डिंग एका कंपनीकडून तिच्याकडे येतात. टेबलाखाली एक पायपट्टी आहे. ती दाबली की आवाज थांबतो, टाचेने दाबली की मागे जातो. कानात डॉक्टर, पायात पट्टी, बोटं कीबोर्डवर. एक डॉक्टर गाडी चालवता चालवता बोलतो, एक तोंडात काहीतरी चघळत असतो, एकाला सारख्या शिंका येतात. ती त्यांना 'माझे डॉक्टर' म्हणते.

लॅपटॉपचा पडदा तिच्या काही कामाचा नाही, म्हणून तो ती कायम काळा ठेवते. बॅटरी टिकते. आम्हीही त्या काळ्या पडद्याकडे कधी वळून पाहिलं नाही, आणि घोटाळा तिथेच झाला.

एका शुक्रवारी सकाळी तिने वरून हाक मारली, "मामा, जरा डोळे घेऊन या वर."

मी गेलो. तिचा चेहरा उतरला होता. कंपनीने नवा नियम काढला होता. ज्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम लायसन्सची ठरणार नाही, त्याला कंपनीच्या कामात प्रवेश नाही. रुग्णांची माहिती असते, उगाच कुठे फुटायला नको. कंपनीचा तपासणीचा प्रोग्राम भाचीच्या लॅपटॉपला नाकारत होता.

तिने पडदा उजळवला. "काय दिसतंय सांगा."

"उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं आहेत. सिस्टीम ॲक्टिव्हेट करा, असं लिहिलंय."

"कधीपासून?"

"अगं, मी आज पहिल्यांदाच बघतोय!"

"मीपण," ती म्हणाली.

तिचा वाचणारा प्रोग्राम बाकी सगळं वाचतो, पण लायसन्स पटलेलं नाही असं सांगणारी कोपऱ्यातली ती अक्षरं काही त्याने कधी वाचली नाहीत.

इतक्यात कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्या कामं वाटून देतात. "ताई, पाचपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून तुमचे डॉक्टर दुसऱ्यांना द्यावे लागतील. मला वरून हुकूम आहे."

भाची एवढंच म्हणाली, "पाच वाजायला अवकाश आहे."

मागे लॅपटॉप बंद पडला होता, तेव्हा ज्याच्याकडे दिला होता त्या दुरुस्तीवाल्याकडे आम्ही गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उघड्या यंत्रांच्या ढिगातून त्याने मान वर काढली. सगळं ऐकून म्हणाला, "बरोबर आहे ताई. मी आतला मुख्य बोर्ड बदलला ना. लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं होतं. सिस्टीमला वाटतंय, हा लॅपटॉप दुसराच कुणीतरी आहे."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"लॅपटॉप चालू झाला, तुम्ही खूश, मी खूश. त्यात विसरलो." त्याने खुर्ची पुढे ओढली. "पाच मिनिटांचं काम आहे. एक छोटा प्रोग्राम टाकतो, ती अक्षरं गायब."

"ती अक्षरं मला तशीही दिसत नाहीत," भाची म्हणाली. "ती घालवून मला काय मिळणार?"

दुरुस्तीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"चोरीचा प्रोग्राम नको. मी लायसन्ससकट लॅपटॉप घेतला होता. माझं आहे ते परत कसं मिळवायचं, ते सांगा."

मग तो जरा गंभीर झाला. लायसन्स जर तिच्या ईमेलच्या खात्याला जोडलेलं असेल, तर सेटिंगमध्ये ट्रबलशूट नावाचं बटण असतं. तिथे जाऊन 'मी हार्डवेअर बदललंय' असं सांगायचं, खात्यात शिरायचं, यादीतून आपला लॅपटॉप निवडायचा. "पण डोळ्यांचं काम आहे ताई. ठेवून जा, पासवर्ड द्या, सोमवारी करून ठेवतो."

"पासवर्ड मी कुणाला देत नाही," असं म्हणून तिने लॅपटॉप पिशवीत घातला.

घरी येऊन ती कामाला लागली. वाचणारा प्रोग्राम लाह्या फुटाव्यात तसा ताडताड बोलत होता. मला एक शब्द कळेना, ती मात्र झरझर पुढे जात होती. ट्रबलशूट सापडलं, हार्डवेअर बदलल्याचं सांगून झालं. मग खात्याचा पासवर्ड मागितला. ते खातं तिने लॅपटॉप घेताना उघडलं होतं, त्यानंतर कधी त्यात गेलीच नव्हती. आठवतील ते सगळे पासवर्ड चुकले. नवा पासवर्ड घ्यायचा, तर आधी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करा, असं म्हणे.

पडद्यावर चित्रांचे चौकोन आले. सायकल असलेले निवडायचे होते.

"मामा, ही तुमची पाळी."

मी चष्मा पुसून बसलो. तोवर आमची हीपण वर आली. एका चौकोनात कोपऱ्यात नुसतं चाक आलं होतं.

"अहो, ते पण धरा."

"पाव चाक म्हणजे सायकल होते का?"

"मग काय बैलगाडी होते?"

धरलं. चुकलं. पुढच्या वेळी सोडलं, तरी चुकलं. यंत्राच्या मते मी काही माणूस ठरेना.

"संसारात इतकी वर्षं मी तेच सांगतेय," ही म्हणाली.

भाची हसली नाही. घड्याळाचा आवाज ती ऐकत होती. "मामा, सरका. आवाजाचा पर्याय असेल इथे कुठेतरी." तिने शोधून काढला.

मग जे सुरू झालं त्याला आवाज म्हणवत नाही. विहिरीत चारपाच जण एकदम बोलतायत, वर वारा सुटलाय, आणि त्यातून कुणीतरी पुटपुटत आकडे सांगतोय. आम्ही नवराबायको एकमेकांची तोंडं बघत राहिलो. भाचीने मान एका बाजूला कलवली. टेबलाखाली तिचं पाऊल हलत होतं, पट्टी दाबल्यासारखं. संपल्यावर तिने सावकाश आकडे टाइप केले.

खात्याचं दार उघडलं.

"कळलं तरी कसं गं तुला?"

"शिंकांच्या डॉक्टरांपेक्षा हा बरा बोलतो."

नवा पासवर्ड झाला. लॅपटॉपची यादी आली. त्यात तिचा तेवढा एकच होता. 'सध्या मी हाच वापरतेय' या ओळीवर तिने खूण केली आणि बटण दाबलं. उत्तर आलं, संपर्क होत नाही, नंतर प्रयत्न करा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. माझा धीर सुटला. म्हटलं, "जाऊ दे बाई, दुसरं काम बघू."

"मामा, बसायचं तर गप्प बसा."

तिने लॅपटॉप बंद करून चालू केला, इंटरनेट तोडून पुन्हा जोडलं आणि सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून चढली. या वेळी प्रोग्राम जरा थांबून काहीतरी बोलला. तिचे खांदे खाली आले. मी पडद्याकडे पाहिलं. कोपरा कोरा होता.

कंपनीची तपासणी तिने लगेच पुन्हा लावली आणि लॅपटॉप पास झाला. बाईंना फोन केला.

"सुटलात बाई तुम्ही!" त्या म्हणाल्या. "बरं झालं, आता मदतच होईल. या तपासणीत आणखी तिघी अडकल्यात, त्यांच्याकडून काही होईलसं वाटत नाही. त्यांचेही डॉक्टर तुमच्याकडे देऊ का?"

वाढीव काम कुणाला नको असतं?

"नको," भाची म्हणाली. "त्यांचे डॉक्टर त्यांच्याकडेच राहू देत. तुम्ही वर बोला आणि सोमवार संध्याकाळपर्यंत मुदत घ्या. त्यांना माझा नंबर द्या."

"वरचे ऐकतील असं नाही."

"मग मला वरच्यांचा नंबर द्या."

बाईंनी मुदत मिळवली. अर्ध्या तासात त्या तिघींतल्या एकीचा फोन आला. ती रडत असावी, कारण भाची म्हणाली, "आधी पाणी प्या, मग बोलू." थोडं थांबून तिने विचारलं, "खालच्या कोपऱ्यात अक्षरं आहेत? तुम्हाला दिसतायत ना? मग तुमचं निम्मं काम झालंय. आता मी सांगते तसं करा."