डिकीत अडकलेला हात

उज्ज्वलाचं मनगट एवढं बारीक, की लग्नात तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या शोधायला कासारणीला सगळी पेटी उपसावी लागली. त्या बांगड्या सासरी पंधरा दिवससुद्धा टिकल्या नाहीत. नवऱ्याचं, भूपेंद्रचं, सुरतेजवळ बमरोलीत घराखालीच गॅरेज. एकदा कुणाच्या गाडीच्या डिकीच्या दारात, आतल्या पोकळीत नट पडला आणि कुणाचाच हात जाईना. ही हौशी नवरी बांगड्या उतरवून पुढे झाली आणि नट काढून दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, भाऊ न्यायला आला, तर "लग्नसराईची कामं आहेत, हिच्याशिवाय अडतं" असं सांगून भूपेंद्रनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. आखाजीला खानदेशच्या लेकी माहेरी झोके घेतात. उज्ज्वला तेव्हापासून दर आखाजीला सुरतेत डिक्यांमध्ये हात घालते आहे.

यंदा मात्र तिनं ठरवलंच होतं. आईला आता एकटीला होत नव्हतं. सण झाला की भाऊ तिला पुण्याला नेणार होता आणि दोंडाईच्याच्या घराला कुलूप लागणार होतं. माहेरची ही शेवटची आखाजी. रिक्षा बोलावून, पिशवी घेऊन ती जिना उतरली, तर गॅरेजमध्ये पांढरी गाडी उभी.

संध्याकाळी त्या गाडीत नवरदेव बसणार होता आणि डिकीच्या दारावरचा शोभेचा पंखा, स्पॉयलर, डुगडुगत होता. बोल्ट घट्ट बसेना म्हणून कुण्या शहाण्यानं भोकं मोठी मोठी करत नेली होती. आता बोल्टला धरायलाच काही उरलं नव्हतं. भूपेंद्र कामाचा चोख, हे कबूल करायला हवं. त्यानं स्पॉयलर उतरवून भोकांच्या कडांचा गंज घासून काढला होता. आता आतून पुट्टीनं पत्र्याची पट्टी चिकटवायची, वरून भोकं भरायची आणि सुकल्यावर मापाची नवी पाडायची. पण पुट्टी धरेपर्यंत ती पट्टी आतून कुणीतरी दाबून ठेवायला हवी होती.

"फक्त पट्टी धरी ठेव, मंग जाय," तो म्हणाला. तोवर उधना स्टेशनातून तिची रेल्वे सुटलेली असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आज नही," उज्ज्वला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली.

तेवढ्यात धाकटी जाऊ हर्षदा पुढे आली. नुकतीच लग्न होऊन आलेली. उद्या तिचा भाऊ तिला पहिल्या आखाजीला न्यायला येणार होता. "जीजी, तुमी जा. मना हात जाई का देखू?" आणि ती बांगड्या उतरवू लागली.

"देख, देख," भूपेंद्र खुशीत म्हणाला.

वाट मोकळी झाली होती. बाहेर रिक्षा उभी होती. उज्ज्वलाला पळत सुटावंसं वाटलं, खोटं कशाला बोला! पण तिनं हर्षदाचं मनगट पाहिलं. हात सहज गेला असता. आणि एकदा गेला, की उद्या येणारा भाऊ चहा पिऊन परत.

"बांगड्या उतारू नको!" ती ओरडली. "नवी नवरीनी बांगड्या उतारू नही. अपशकुन व्हस!"

असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण जिन्यावर बसलेल्या सासूबाईंनी मान डोलावली. "बराबर बोलस उज्ज्वला." तिच्या वेळी मात्र म्हातारीला हे आठवलं नव्हतं.

उज्ज्वलानं पिशवी खाली ठेवली आणि हात आत घातला.

हर्षदाचं तोंड एवढंसं झालं. "जीजीले वाटस, त्यासनाच हात सोनाना शे," असं पुटपुटत ती तणतणत वर गेली. तिला हाक मारून खरं काय ते सांगावं, तर भूपेंद्र शेजारीच उकिडवा बसलेला. हलावं, तर पट्टी सरकणार. बाहेर रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला.

भूपेंद्रनं तिच्या डाव्या हातात टॉर्च दिली. "तुना हातबिगर मना काम अडस," तो प्रेमानं म्हणाला.

हे ऐकून एरवी तिला बरं वाटायचं. आज रडू आलं. एक हात डिकीत, एकात टॉर्च. डोळे पुसता आले नाहीत.