जीन किती, प्रेस कुठं?

ती घटना आठवली, की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षं होती. धाराशिवच्या ठाण्यात मी नुकताच मोहरीर, म्हणजे लिखापढी करणारा पोलीस, म्हणून लागलो होतो. गावात सरकारविरोधी पत्रकं फिरत होती. ती छापतं कोण, हे सापडत नव्हतं आणि वरून रोज विचारणा होत होती.

अशात आमचा खबऱ्या, एक टांगेवाला, धापा टाकत आला.

"साब, बार्शीका एक आदमी पूछता फिररा. जीन कित्ते हैं, चालू कित्ते, बंद कित्ते. प्रेस किधर है, रातकू चलती क्या?"

आमचे ठाणेदार, अमीनसाहेब, हैदराबाद शहरचे. त्यांच्या उर्दूत जीन म्हणजे घोड्याचं खोगीर. मी ज्वारीच्या मुलखातला, मलाही तेवढंच ठाऊक. साहेबांनी लगेच अर्थ लावला: हा आमचे घोडे मोजतोय आणि पत्रकांच्या छुप्या छापखान्याशी संधान बांधतोय. माणूस गंजातून, म्हणजे बाजारपेठेतून, उचलून आणला. संध्याकाळच्या मोटारीनं त्याची रवानगी हैदराबादला होणार होती. तिकडं गेलेली माणसं लवकर परतत नसत.

साहेबांना मराठी येईना, त्याला उर्दू. दुभाषी मी.

"प्रेसमध्ये काय छापता?"

"छापत न्हाय साहेब, दाबत्यात."

मी तसंच उर्दूत सांगितलं. साहेब उसळले, "कुणाला दाबता?"

"कापसाला!" तो रडकुंडीला आला होता. "जीनमधी सरकी निघती, प्रेसमधी रुई दाबून गठाण बांधत्यात. आमच्या मालकाला हितं नवं जीन टाकायचंय. आधीची किती हायत, हंगामभर चालत्यात का, कापूस कुठनं येतो, हे इचारल्याबिगर कसं टाकावं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबांच्या नाही. दुसऱ्याच्या कारखान्याची चौकशी भला माणूस कशाला करील, हा त्यांचा सवाल. मोटारीची वेळ होत आली. शेवटी साहेबांची मनधरणी करून मी गावातल्या जीनच्या मालकाला बोलावून घेतलं. शेठ आले आणि त्या माणसाला बघताच भडकले.

"व्हय, ह्योच त्यो! माझ्या गड्यांना इचारत फिरतोय, कापूस कुठनं येतो म्हणून. माझ्या धंद्यावर डोळा हाय ह्याचा. सोडू नका ह्याला, साहेब!"

मी भाषांतर केलं. साहेब खदाखदा हसले. "छोड दो इसे." हे कारस्थान नव्हे, धंद्यातली चढाओढ, हे त्यांना पटलं; शेठच्या संतापानंच तो सुटला.

पुढं नोकरीभर मी कुणाचाही शब्द, त्याच्याच तोंडून त्याची फोड ऐकल्याशिवाय कागदावर घेतला नाही. चौकशी करण्याचा मक्ता आपलाच, असं आम्हा पोलिसांना वाटतं. पोटापाण्यासाठी, धंद्यासाठीही माणसाला चार गोष्टी विचाराव्या लागतात, हे आमच्या गावीच नसतं.

त्या संध्याकाळी मी त्याला गंजापर्यंत पोचवलं. सकाळी त्याच्याशी मोकळेपणानं बोलणारे आडते आता पाठ फिरवून बसले. मला फार वाईट वाटलं.

"राहिलेली माहिती घ्या विचारून, मी थांबतो," मी म्हणालो.

"आता कोण सांगल, साहेब?" तो म्हणाला. "मालकाला जाऊन सांगतो, हितं कापूस लई हाय, पण इचारायची सोय न्हाय."