पावणीतली पिवळी साडी

पन्नाशी ओलांडल्यावर बाईला स्वतःला काय शोभतं एवढं तरी कळायला हवं, असं मला तरुणपणी वाटायचं. माझी पन्नाशी होऊन गेली आणि मला काही कळलेलं नाही. जे थोडंफार कळतंय असं वाटत होतं, तेही अलीकडे हातून निसटलं आहे.

मी डिचोलीतल्या एका शाळेत शिकवते. सासर लाटंबार्से गावात, माहेर पेडण्याकडे, कोरगावला. शाळेत माझ्या साड्यांना मान आहे. एक नवी शिक्षिका मला म्हणाली, ‘मॅडम, तुमचा चॉइस किती सोबर असतो.’ मी थँक्यू म्हटलं आणि घरी येईपर्यंत धुमसत राहिले. कॉफी, राखाडी, शेवाळी, सणासुदीला फार तर मरून. यातला एकही रंग मी निवडलेला नाही. तो चॉइस माझ्या आईचा.

आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. बहीण गोरी, मी काळी. लोक मला प्रेमाने सावळी म्हणतात, पण आरसा आमच्याही घरात आहे. गणपतीची चवथ जवळ आली की आई पेडण्याच्या बाजारातून फ्रॉकचं कापड आणायची. बहिणीला पिवळं, नाहीतर गुलाबी. मला कुठलातरी मळखाऊ रंग. मी हट्ट केला की आई म्हणायची, ‘तुका शोभणा नाय गो.’ त्यात राग नसायचा, हिणवणंही नसायचं. भातात मीठ कमी पडलं आहे, हे सांगावं तसं ती सांगायची. म्हणूनच ते खरं वाटलं. रागाने बोलली असती तर मी भांडले असते. मी बापडी लग्नाचा शालूसुद्धा मरून घेतला आणि वर ‘हा मला बरा दिसेल’ असं स्वतःच दुकानदाराला सांगितलं.

मग मुलगी बंगळूरला नोकरीला गेली, घरात वेळ फार झाला, आणि मी कपडे घेत सुटले. म्हापशाला औषधं आणायला जायचे आणि कुर्ता घेऊन यायचे. शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाइल उघडला की बोट आपोआप तिकडेच. काय घ्यायचं ते ठरवलेलं नसायचं, पण रंग ठरलेला असायचा. हळदी, मोहरी, आंब्याचा, लिंबाचा. मला स्वतःला हे फार उशिरा दिसलं. नवऱ्याला आधी दिसलं. एकदा रुमाल शोधताना तो म्हणाला, ‘हे कपाट आहे की शेवंतीचा मळा?’

घालत मी त्यातलं काहीच नव्हते. खोलीचं दार लावून अंगावर चढवायचे, आरशात बघायचे आणि उतरवून ठेवायचे. परत पाठवायची मुदत निघून जायची. लेबलं तशीच लटकत राहायची. मग का घेत होते, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. घेताना क्षणभर वाटायचं की हे घालून हिंडणारी बाई मीच आहे. पार्सल फोडेपर्यंत ती बाई निघून गेलेली असायची.

गेल्या वर्षी दिवाळीआधी मुलगी आली. मोप्याच्या विमानतळावर तिला आणायला गेले तेव्हाच तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं होतं. घरी येऊन तिने कपाट उघडलं आणि पलंगावर सगळा पिवळा ढीग घातला. ‘आई, तुझी नेमकी पर्सनल स्टाइल काय आहे?’ तिने विचारलं.

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं? मी म्हटलं, ‘मला भूक लागली आहे.’

तिचं म्हणणं, मी बेज रंगाचं लिनन वापरावं, फार क्लासी दिसतं. माझी बाजूच्या वर्गावरची मैत्रीण सांगे, काळ्या रंगावर भडकच उठून दिसतं, बिनधास्त घाल. म्हापशाच्या दुकानातली मुलगी तर मला आणि माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला, दोघींनाही एकच कुर्ता शोभतो म्हणाली. नवरा म्हणाला, ‘काहीही घाल, मला चालतं.’ त्याला वाटलं तो चांगुलपणा करतो आहे. माझं डोकं नुसतं फिरलं. मला एकाच गोष्टीचं सरळ उत्तर हवं होतं. पिवळा मला शोभतो की नाही? आणि ते उत्तर खरं तर या कुणाकडूनच नको होतं. ते मला आईच्या तोंडून हवं होतं. शोभतो म्हणून, नाहीतर निदान तेव्हा माझं चुकलं म्हणून.

आमच्या गावच्या देवीला नवरात्रात रोज नवी साडी नेसवतात. लोकांनी नवसाच्या, ओटीच्या म्हणून वाहिलेल्या साड्या असतात त्या. सण संपला की देवळाच्या मंडपात त्यांचा लिलाव होतो. आम्ही त्याला पावणी म्हणतो. ज्या घरात देवीच्या अंगावरची साडी जाते त्या घराचं भलं होतं, अशी श्रद्धा. मी दरवर्षी जाते, मागे बसते, गप्पा मारते आणि प्रसाद घेऊन घरी येते. पावणीत तोंड म्हणून कधी उघडलं नव्हतं.

यंदा नवरात्रात एका संध्याकाळी मी दर्शनाला गेले तर देवी पिवळ्याधमक साडीत होती. लाल काठ, आणि बाकी सगळी झेंडूसारखी पिवळी. आमची देवी काळ्या पाषाणाची आहे, तेल लावून लावून आणखी काळी झालेली. माझ्या मागे उभी असलेली बाई हळूच म्हणाली, ‘कितें सोबता गे आज!’ तिच्यासोबतच्या दोघी-तिघींनीही मान हलवली. मी हात जोडून उभी होते ती काय मागायचं तेच विसरले. मला रागच आला. देवळात राग यावा ही काही चांगली गोष्ट नाही, पण आला. इतकी वर्षं मी या गाभाऱ्यासमोर राखाडी साडी नेसून उभी राहत होते, आणि समोरच्या काळ्या अंगावर काय खुलतं ते बघत असूनही मला दिसलं नव्हतं.

पावणीच्या दिवशी ती साडी निघाली आणि माझं तोंड उघडलं. पुढच्या रांगेतल्या एका दुकानदारीणबाईने बोली चढवली. मी आणखी चढवली. नवरा आपल्या चपलांकडे बघत बसला. ‘एक वार, दोन वार,’ असं पुकारणाऱ्याने म्हटलं, मग सगळीकडे नजर फिरवली आणि साडी माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. म्हापशाच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं.

आता ही साडी काही लेबल लावून कपाटात टाकण्यातली नव्हती. देवीची साडी नेसायची असते. ती परत करता येत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही. म्हणून मी ती सोमवारी शाळेत नेसून गेले. स्कूटरवर बसताना सगळा गाव माझ्याकडे बघतो आहे असं वाटत होतं. आणि शाळेत काय विचारता! पावणीची बातमी माझ्याआधीच तिथे पोचली होती. सगळ्यांनी नावाजली. ‘देवीची ना? किती सुंदर!’ पदराला हात लावून बायकांनी तो डोळ्यांना लावला. शिपाईमामांनीही लांबून हात जोडले. मी मधल्या सुट्टीपर्यंत तरंगत होते. मग डबा उघडता उघडता माझ्या लक्षात आलं की मी केवढा गाढवपणा केला आहे. अख्ख्या डिचोली तालुक्यात जिला कुणी नाव ठेवू शकणार नाही अशी एकच साडी मी शोधून काढली होती. दिवसभर कौतुक झालं आणि त्यातलं काडीचंही माझ्या उपयोगाचं नव्हतं. साडी चांगली दिसत होती की देवीला दुखवायला लोक घाबरत होते, ते मला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून त्या रविवारी मी तीच साडी नेसले आणि कोरगावला गेले. कुठली साडी ते आईला सांगायचं नाही, असं ठरवूनच गेले.

आई ऐंशीच्या पुढची, भावाकडे असते. भावाने नवीन घर बांधलं तेव्हा तिच्यासाठी पुढे बाल्कांव ठेवला, दोन्ही बाजूंना बसायची बाकं असलेला. तिथे ती सुपात कुळीथ निवडत बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नको तेवढं दिसतं. मी वाटेत पोदेराच्या भट्टीवरून घेतलेले उंडे पाव बाकावर ठेवले आणि तिच्यासमोर उभी राहिले.

‘खंयसून हाडलंस ही?’ आई साडीकडे बघत म्हणाली.

‘घेतली.’

‘कोणाक?’

‘माकाच.’

तिने मला नीट बघितलं. मी पोट आत घेऊन, पदर सारखा करून, शाळकरी मुलीसारखी उभी होते.

‘तुका शोभणा नाय,’ आई म्हणाली. ‘अधिकच काळी दिसतस.’

तोच आवाज. मीठ कमी आहे, एवढंच. आणि ती पुन्हा कुळीथ निवडायला लागली.

मला हवं होतं ते सरळ उत्तर हेच. त्यात भीड नव्हती, भीती नव्हती. मी ते घेऊन चहा टाकायला आत जायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वयात आलं म्हणून मला स्वतःचीच चीड आली, आणि ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं.

‘आये, देवीची ती,’ मी म्हटलं. ‘पावणीतली.’

आईचा हात सुपातच थांबला. तिने सूप बाजूला ठेवलं. गुडघे धरून ती उठली. मी ‘बस, बस’ म्हणाले ते तिने ऐकलंच नाही. तिने माझा पदर दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला, मग कपाळाला. वाकताना तोल जाऊ नये म्हणून तिने डोकं माझ्या पोटाशी टेकलं.

‘चुकलंय गे माये,’ ती म्हणाली. ‘माका कळूक नाय. पदरात घे. मनात धरू नको.’

आईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ती घाबरली होती. मी तिला लगेच उठवायला हवं होतं. मी उठवलं नाही. तिचे पांढरे केस माझ्या कमरेशी होते, तिचा श्वास मला साडीतून लागत होता, आणि ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. चुकलंय. मनात धरू नको. मला वाटलं, आणखी म्हण. मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘नाय धरूक, आये,’ मी म्हटलं. ‘मनात काय नाय धरूक.’

आईने मान वर केली. काही न कळल्यासारखी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

‘तुका नाय गो,’ ती म्हणाली. ‘तिका सांगतंय.’