कोठीचं लाल दार

लोखंडाची कुठलीही वस्तू समोर आली की आमच्या शाळेचे रंगारी बाबा तिच्यावरून उजवा तळहात सावकाश फिरवायचे आणि मग तो समोरच्यापुढे धरायचे. तोंडाने एवढंच म्हणायचे, "हात बघा." तळहात गंजाने तपकिरी झाला असेल तर रंगाचा डबा उघडायचा नाही. स्वच्छ असेल तर उघडायचा. हे शास्त्र त्यांनी आमच्या शाळेच्या फाटकापासून एसटीच्या दांड्यापर्यंत सगळ्यांना सारखंच लावलं होतं.

मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा बाबा पन्नाशीचे असतील. अंगाने काटक, डोक्याला कायम पंचा बांधलेला. बोटांच्या भेगांत लाल रंग असा मुरलेला की साबणाने काय, रॉकेलनेही निघत नसे. मुली त्यांना 'लालबाबा' म्हणायच्या. पाड्यावर त्यांची थोडी भातशेती आणि वरकस उतारावर नागली होती. दिवाळीनंतर भात झोडून झाला की ते आमच्याकडे यायचे आणि शाळेचं सगळं लोखंड तपासायचे. खाटा, खिडक्यांचे गज, टाकीची शिडी, फाटक आणि शेवटी कोठीचं दार. कोठी म्हणजे मुलींच्या धान्याची खोली. तिला दोन झडपांचं पत्र्याचं भलंमोठं दार होतं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. चार महिने त्या दाराच्या खालच्या पट्टीवर पागोळ्यांचे शिंतोडे उडायचे, आणि पट्टी कुजली की उंदीर आत. म्हणून त्या दाराची बाबांना फार काळजी.

तरुणपणी ते ठाण्याकडे मजुरीला गेले होते. तिथे उंच खांबांना दोरीवर लटकून रंग मारायचं काम. एकदा गंज खरवडायला लागले तर मुकादम खालून ओरडला, "उप्परसे मार दो, उप्परसे." बाबांनी दोन दिवस तसं मारलं, तिसऱ्या दिवशी पिशवी उचलली आणि गावी परत आले. का आलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, रंगाच्या खाली गंज खातच राह्यतो. वरून दिसत नाय एवढंच."

तेव्हापासून 'उप्परसे' ही त्यांच्या शब्दकोशातली सगळ्यात मोठी शिवी झाली. घाईत केलेली भाकरी उप्परसे. निवडणुकीचं भाषण उप्परसे. थंडीत तोंडावर पाणी मारून पळणाऱ्या मुलींची आंघोळ उप्परसे. मी नवीन असताना एक धडा भराभर उरकला, तेव्हा खिडकीचे गज घासत असलेले बाबा बाहेरून शांतपणे म्हणाले होते, "बाई, आजचा उप्परसे झाला." वर्ग खदखदून हसला. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी तो धडा पुन्हा घेतला.

त्यांच्या कामाचा वेग पाहून कुणाचंही डोकं फिरावं. सकाळी दहाच्या आत ते लोखंडाला ब्रश लावत नसत. "अजून घाम हाय त्याला," म्हणायचे. दवाने ओलसर झालेला पत्रा उन्हात कोरडा होईपर्यंत बाबा पायरीवर बसून तंबाखू मळणार. मग पत्री म्हणजे खरवडायचं पातं, तिने पोपडे काढायचे, तारेच्या ब्रशने घासायचं, पॉलिश पेपर मारायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं, हात फिरवायचा, पुन्हा घासायचं. मग गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साईडचा लाल हात. तो वाळला की वरचा राखाडी रंग. एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांनी फाटक त्याच दिवशी रंगवून टाका असं फर्मावलं. बाबा बंद डबा मांडीशी घेऊन दिवसभर आंब्याखाली बसून राहिले. साहेब आले, गंजलेल्या फाटकातूनच आत गेले, आणि जाताना त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला तपकिरी पट्टा लागला. बाबांनी तो पट्टा मला नुसत्या डोळ्यांनी दाखवला.

मुलींची सहल शिरपामाळला नेली तेव्हा मदतीला म्हणून त्यांनाही घेतलं होतं. आम्ही सगळ्या दरी बघत होतो आणि हे गाडीच्या मागच्या शिडीवरून हात फिरवत होते. ड्रायव्हर बिचारा घाबरून गेला, त्याला वाटलं तपासणीवालेच आले.

आता मावशींबद्दल सांगते. त्यांच्याशिवाय बाबा सांगून होणार नाहीत.

मावशी म्हणजे बाबांची बायको. आमच्या शाळेत कामाठी होत्या. स्वयंपाकघर, कोठी, आजारी मुलीच्या उशाशी बसणं, सगळं त्यांच्याकडे. बाबा जितके हळू तितक्या त्या झपाट्याच्या, आणि तोंडाच्या तिखट. मी आले त्याच हिवाळ्यातली गोष्ट. बाबांनी कोठीचं दार घासून त्याला लाल हात दिला आणि वाळत ठेवून घरी गेले. सकाळी राखाडी रंगाचा डबा घेऊन आले तर दारावर चित्रं. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करून मावशींनी दोन्ही झडपा भरून टाकल्या होत्या. भाताच्या पेंढ्या, उखळात कांडणाऱ्या बाया, कणगीभोवती कोंबड्या, वर तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच. आजूबाजूला पंचवीस-तीस मुली हरखून उभ्या.

मावशींना त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. घराची भिंत गेरूने सारवली की तिच्यावर पांढरं काढायचं, हे त्या लहानपणापासून करत आलेल्या. आणि ही तर धान्याच्या खोलीची भिंत, नवा भात नुकताच आत आलेला. त्या म्हणाल्या, "आमच्यात लाल भित कोरी ठेवत नाय."

बाबा म्हणाले, "ती भित नाय. तो गंजाचा रंग हाय."

"लाल हाय ना?"

लाल तर होतंच. पण काम ते काम. पिठाचं पाणी खाली राहिलं तर वरचा रंग धरणार नाही, फुगे येतील, आत ओल जाईल. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि सगळं दार पुसून काढलं. पोरी हळहळल्या. मग वाळवणं, पेपर मारणं, पुन्हा लाल हात, आणि ह्या वेळी वाळेपर्यंत दारासमोर स्वतः पहारा. मावशी त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. जेवण मात्र द्यायच्या, तेही शाळेतल्या एखाद्या मुलीच्या हातून पाठवून.

पुढच्या वर्षी बाबांनी दाराला लाल हात दिला, ब्रश धुतले आणि स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाले, "बाई, दोन दिवस मी येणार नाय. शेतावर काम हाय."

हिवाळ्यात त्यांच्या शेतावर काही काम नसतं, हे मलाही माहीत होतं. मावशींनी आतून भांडं जरा जोरात आपटलं. दुसऱ्या दिवशी दार भरलं. दोन दिवस शाळेतल्या सगळ्या मुली, मुख्याध्यापक, दूधवाला, सगळे येऊन बघून गेले. तिसऱ्या दिवशी बाबा ओलं फडकं घेऊन हजर. आधी झडपांपुढे उभं राहून सगळं नीट बघितलं, एका कोंबडीपाशी थोडं हसले, आणि पुसून टाकलं. मग पुन्हा पेपर, पुन्हा लाल, मग राखाडी.

तेव्हापासून दरवर्षी हेच. एका दिवसाच्या दाराला आठवडा लागायचा आणि त्याबद्दल दोघंही एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. मी एकदा मावशींना म्हटलं, पुसलं जातं त्याचं वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, लग्नात भिंतीवर काढलेलं चित्रही चुलीच्या धुराने काळंच होतं की. आणि बाबांना विचारलं, एवढी दुप्पट मेहनत कशाला, काढू नका असं त्यांना आधीच सांगून का टाकत नाही? बाबा ब्रशचे केस सरळ करत म्हणाले, "तिला काढताना बघितलंय का तुमी? बोलत नाय तेवढा वेळ." पण हे बोलताना त्यांचा चेहरा लग्नाच्या मांडवातल्या पोरासारखा झाला होता.

मग एका वर्षी मावशी आजारी पडल्या. जव्हारला नेलं, नाशिकला नेलं, परत आणलं. त्या हिवाळ्यात त्या उभ्या राहू शकत नव्हत्या, तरी शाळेत येऊन बसायच्या. बाबांनी दार लाल केलं, शेतावरच्या कामाची नेहमीची थाप मारली आणि गेले. मावशींनी पाट मागवला. पाटावर बसून हात पोचेल तेवढंच, दाराच्या खालच्या पट्टीवर, त्यांनी एक ओळ काढली. एकमेकींचे हात धरून चाललेल्या बाया. शेवटी काढलेल्या कडेच्या दोघी जरा वाकड्या.

तिसऱ्या दिवशी बाबा फडकं भिजवून आले. पट्टीपुढे उकिडवे बसले. फडक्यातलं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

"पूस ना," मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाल्या.

बाबांनी पुसलं नाही. त्यांनी सगळं दार राखाडी केलं आणि खालची पट्टी तशीच लाल-पांढरी सोडली. वर रंग नाही, काही नाही. ज्या पट्टीवर सगळा पाऊस येतो, तीच. शाळेतलं एवढं एकच काम त्यांनी अर्धवट टाकलं.

मावशी त्यानंतरच्या पावसाळ्यात गेल्या.

दिवाळीनंतर बाबा आले ते एकदम म्हातारे होऊन. खाटा केल्या, गज केले, शिडी केली, फाटक केलं. दाराकडे जाईनात. पावसाने पट्टीवरचं पांढरं बरंचसं धुऊन नेलं होतं. पाच-सहा बाया पुसट दिसत होत्या. आणि त्यांच्या पायाशी, लाल रंगाला बारीक फोड आले होते. मला ते दिसत होतं, त्यांना तर माझ्या आधी दिसलं असणार. आत मुलींचा वर्षाचा तांदूळ होता.

एका दुपारी ते वर्गाच्या दारात आले. म्हणाले, "बाई, जरा येता का. तुमी हात लावा."

"मी कशाला बाबा? तुमच्याएवढं मला काय कळतं?"

"आज माझा हात खोटा बोलंल."

मी त्यांच्याबरोबर गेले. खाली बसले आणि त्या बायांवरून तळहात फिरवला, ते फिरवायचे तसा, सावकाश. मला खरं सांगायला हवं की मी हात उघडायला क्षणभर थांबले. स्वच्छ आहे म्हणाले असते तर एक वर्ष तरी निभलं असतं. बाबांनी माझ्यावर विश्वास टाकला असता आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. पण ज्या माणसाने मला उप्परसे शिकवू दिलं नाही, त्याच्याशी तसं बोलता येईना. मी हात पुढे धरला. तो तपकिरी होता, आणि त्यात थोडं पांढरं होतं.

बाबांनी माझा हात बघितला. मान हलवली. आपल्या पंचाचं टोक ओलं करून त्यांनी माझा तळहात आधी पुसून दिला, लहान मुलीचा पुसावा तसा. मग पत्री घेतली.

मी वर्गात परत गेले. फळ्यावर काय लिहीत होते ते मला आठवत नाही. पत्रीचा आवाज थांबून-थांबून येत होता. मी रडले, आणि मुलींनी ते पाहिलं.

संध्याकाळपर्यंत पट्टी पांढऱ्या धातूपर्यंत साफ झाली होती. त्यांनी सगळ्या दाराला लाल हात दिला, ब्रश धुतले, आणि स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, दोन दिवस मी येणार नाय. शेतावर काम हाय."

दोन दिवस दार कोरं लाल राहिलं. मोठ्या मुलींपैकी एकीने पीठ कालवू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा आले. बादलीत फडकं भिजवून पिळलं आणि ते कोरं दार वरपासून खालपर्यंत पुसलं, दोन्ही झडपा, कोपरेसुद्धा. खालची पट्टी बसून पुसली. वाळू दिलं, पेपर मारला, पुन्हा लाल, मग राखाडी. काही म्हणजे काही सोडलं नाही.

पुढच्या भातकापणीत बाबाही गेले. बांधावर टेकले होते, तसेच. पाड्यावरून निरोप आला तेव्हा मी कोठीतून तांदूळ मोजून देत होते, आणि दाराला टेकून उभी राहिले.

यंदा रंगाला तालुक्याहून एक नवीन माणूस आला. चांगला आहे, फुर्तीचा आहे, घासायचं यंत्र घेऊन आलाय. सगळं दार दुपारपर्यंत लाल करून झालं. संध्याकाळी वरचा रंग मारून निघतो म्हणाला. मी त्याला सांगितलं की आता दोन दिवस येऊ नका. त्याने मला दोनदा विचारलं की बाई, काही चुकलं का. मी म्हटलं, काही नाही, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

आज तिसरा दिवस. तो यायच्या आत मी बादली भरली आणि फडकं पिळून दार पुसलं, खालची पट्टी पाटावर बसून. ऊन आल्यावर तळहात फिरवून बघितला. स्वच्छ होता. तपकिरी नाही, पांढरं नाही, काहीच लागलं नव्हतं. तो माणूस फाटकातून आत येत होता. मी हात तसाच त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "हात बघा."