कमी वाजणारी बटणं

दुकानदारानं हातात धरून खेळायचे दोन गेमिंग कन्सोल काउंटरवर ठेवले होते. मीही एक घ्यायला आलो होतो, पण पडद्यापलीकडे काही बघायचं मला सुचत नव्हतं. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या केसांत कापसाचे तंतू होते. एमआयडीसीतल्या यंत्रमागावरून थेट आला असावा. तो एकेक कन्सोल कानाशी धरून बटणं दाबत होता.

मी बघतोय हे पाहून तो मागाच्या खडखडाटात बोलावं तसा ओरडला, "बायकू दवाखान्यात रातपाळी करती. ती दुपारी झोपती, तवा मी खेळणार. एकच खोली हाय की!"

मग ओशाळला. "मागानं कान गेलेत. तुमीच सांगा, कुटला कमी वाजतो?"

दुकानदारानं पंखा बंद केला. मी दोन्ही ऐकले, एकावर बोट ठेवलं.

बायको तिथंच शेजारी झोपलेली असावी, तसा तो हळूच म्हणाला, "हाच द्या."