आचमनाचं पाणी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात महिन्याभरात सुधारला, पण वाचा परतली नाही. त्यांना सगळं समजायचं. बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज निघायचा. माझं नाव घ्यायचा त्यांनी फार प्रयत्न केला, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सदाशिव पेठेतल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी आईला विचारलं, "ते रोज न चुकता काय म्हणायचे?"

"संध्या करायचे. मुंजीपासून कधी चुकवली नाही."

"मग तीच सुरू करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बाबांसमोर पळी-पंचपात्र मांडलं आणि त्यांच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. बाबा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग ओठ हलले. "केशवाय नमः," ते म्हणाले आणि पाणी प्यायले. पाठोपाठ "नारायणाय नमः", "माधवाय नमः" अगदी स्वच्छ आलं. आईने डोळ्यांना पदर लावला. मी त्या दिवशी खराडीला ऑफिसला गेलेच नाही.

त्यानंतर तहान लागली की बाबा "केशवाय" म्हणायचे आणि आम्ही भांडं पुढे करायचो. चार महिने असे गेले. मग एका दुपारी त्यांनी आईला हाक मारली, "अगं, पाणी दे."

आई धावत आली. "देवाचं नाव घेत होतात तेच बरं होतं. आता दिवसभर हुकूम सोडाल!" म्हणत तिने भांडं पुढे केलं.

बाबा हसले आणि जरा अडखळत म्हणाले, "चहा."