कडूबाच्या जबड्यातला आडवा दात

"तोंड उघडतो, पण बोट घालायच्या आधी हात धुवा. माह्यासमोर धुवा."

"आत्ताच धुतलेत, कडूबा."

"आत धुतले आसतील. म्या न्हाई पाह्यलं."

भालचंद्र डॉक्टरांनी वाद घातला नाही. कोपऱ्यातल्या तस्तावर जाऊन त्यांनी पुन्हा हात धुतले. साबण लावतात का नुसतं पाणी मारतात, हे कडूबा मान लांबवून पाहत होता. त्याची बायको साळूबाई दाराशी उभी होती. ती पदराआड हसली.

"ह्यांचं आसंच हाय, डाक्टर. पाव्हण्याच्या घरचं ताकबी दोनदा हुंगून पितेत."

"तू गप बस. जबडा माहा हाय."

आमच्या धावडा गावचा कडूबा बैलांचा दलाल. भोकरदनच्या बाजारात त्याच्याशिवाय जोडी हलत नसे. त्याची रीत ठरलेली होती. विकणाऱ्याला बैलाचं वय विचारायचं, पण त्याचं उत्तर ऐकायचं नाही. मग पाणी पाजायच्या निमित्तानं त्याच्या घरच्या बाईला विचारायचं, तेही ऐकायचं नाही. शेवटी बैलाची जीभ मुठीत धरून बाजूला ओढायची आणि खालच्या जबड्यातले दात स्वतः मोजायचे. दुधाचेच दात असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सगळे भरले की जुळलेला. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून तरणे दाखवणारे लोक आमच्याकडं पुष्कळ. त्यातला एकही कडूबाच्या बोटातून सुटला नव्हता.

आणि याच माणसाच्या डाव्या जबड्याला चार वर्षांपासून गाठ धरली होती. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. दुखत मात्र बिलकुल नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त संशय. दुखणं असतं तर ते कुठून आलं हे तरी कळलं असतं. त्यानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. बैलाच्या जबड्याला हाडाचा गोळा धरतो, तो बैल चारा चघळायचा थांबतो, मग त्याला कुणी विचारत नाही. आयुष्यभर बैलांच्या तोंडात बोटं घातली आणि त्याच बोटांनी भाकर खाल्ली, तेव्हा बैलाचाच गोळा आपल्याला लागला, असं त्याचं पक्कं झालं.

मग उपायही बैलाचाच. त्याच बाजारातला दुसरा दलाल भुजंग, त्यानं विळा लाल करून गालावर दोन डाग दिले. गाल पिकला, महिनाभर फुगला, बसला. गाठ होती तशीच. त्यानंतर कडूबा उपरणं हनुवटीखालून वर बांधून हिंडू लागला, उन्हाळा असो का हिवाळा. आयुष्यभर लोकांच्या बैलांचे ऐब उघडे पाडले, आता स्वतःचा झाकून फिरत होता. भुजंग भर बाजारात म्हणायचा, "कडूबा, गिऱ्हाइकाला कासरा सोडून दाखीव. मालाचं तोंड कामून बांधलंय?"

पुढं डावीकडचे दात हलायला लागले. साळूबाईनं मोटारीत बसवून जालन्याला आणला तो तेव्हा. निजामावरच्या पोलिस ॲक्शनला सहा वर्षं होऊन गेली होती. "तुमी बैल आसते तर म्या कवाच बाजार दाखवला आसता," एवढंच ती म्हणाली होती.

डॉक्टरांनी गाठ बाहेरून चाचपली, मग आतून. बोटाखाली अंड्याचं टरफल दबावं तसं बारीक करकरलं. मग ते दात मोजू लागले. कडूबाला हे ओळखीचं होतं. जीभ बाजूला दाबून, खालचा जबडा, पुढून मागं. त्याचे डोळे बारीक झाले.

"उजवीकडं सुळ्यामागं दोन बारक्या दाढा आहेत. डावीकडं एकच. दुसरी कुठं गेली?"

"पडली आसंल."

"कधी पडली? उपटली का?"

कडूबानं जिभेनं ती जागा चाचपून पाहिली. पाच वर्षांपूर्वी कुणाच्या बैलाला किती दात होते हे तो झोपेतून उठवला तरी सांगायचा. स्वतःच्या तोंडात एक कमी आहे हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याकडून कळत होतं.

"दुधाची पडल्ती. मंग दुसरी आली का न्हाई, ध्यानात न्हाई."

डॉक्टरांनी जाड सुई घालून गाठीतलं पाणी ओढलं. पिवळसर पाणी, उजेडात धरलं तर त्यात चकाकणारे बारीक कण. "पू नाही आणि रक्तही नाही. ही बहुतेक पाण्याची गाठ आहे, कडूबा. न उगवलेल्या दातापासून होते. उद्या एक्स-रेचा फोटो काढू, मग नक्की सांगतो."

"बहुतेक," कडूबा बाहेर येऊन बायकोला म्हणाला. "ऐकलंस ना? जनावर लंगडं आसलं की आपल्याकडचे लोक बी आसंच बोलतेत."

सकाळी फोटो काढून झाला. तो धुऊन येईपर्यंत दोघं व्हरांड्यात बसले. तिथं बदनापूरकडचा रामकिसन म्हणून एक माणूस होता. त्याच्या तोंडाला उजवीकडची बाजूच नव्हती. गाल आत गेलेला, हनुवटी एका बाजूला सरकलेली. त्याची बहीण त्याला चोचीच्या भांड्यानं दूध पाजत होती. कडूबानं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं, मागून, पुढून, आणि मग त्याच्या शेजारी जाऊन टेकला.

"तुमचं काय झाल्तं?"

रामकिसनचे शब्द ओठातून सांडत होते, तरी कळत होते. "गाठ. जबडा काढला अर्धा."

"कसली म्हणले होते?"

"पाण्याची."

कडूबा उठला. गाठोडं उचललं. "चल," तो साळूबाईला म्हणाला.

"कुठं?"

"मोटारीला. ह्या माणसालाबी पाण्याचीच म्हणले होते. आन् त्याचं काय करून ठिवलं, पाह्य."

साळूबाई हलली नाही. पाय पसरून बसली होती तशीच बसली. "तुमी जा. म्या फोटो पाहून येते."

"माहा फोटो पाहून तू काय करशील?"

"तुमी ऱ्हायले न्हाई तर घरात लावायला व्हईल."

व्हरांड्यातले दोघं-चौघं हसले, रामकिसनसुद्धा त्या अर्ध्या तोंडानं. कडूबाला राग आला, पण बायकोला टाकून मोटारीत बसणं त्याला जमेना. तो तसाच डॉक्टरांच्या खोलीत घुसला.

"त्या बाहेरच्याला पाण्याची म्हणून जबडा कापला. मलाबी पाण्याचीच म्हणता. आता खरं सांगा."

डॉक्टर चिडले नाहीत. खुर्चीकडं बोट दाखवलं. कडूबा बसला नाही.

"त्याला पाण्याची मी नाही म्हणालो. दुसरीकडं कुणीतरी वरवर पाहून तसं सांगितलं, गाठ खरवडली आणि घरी लावून दिलं. काढलेला तुकडा तपासायला धाडलाच नाही. ती वेगळी गाठ होती. हाड खात पसरणारी. दोन वर्षांनी दुप्पट होऊन आली. माझ्याकडं आला तेव्हा जबडा ठेवला असता तर माणूस राहिला नसता."

"आन् माही तशी न्हाई कशावरून?"

"अर्धं फोटोवरून. अर्धं ती काढल्यावर, तिची पिशवी हैद्राबादला तपासायला धाडून. ते आल्याशिवाय मी तुम्हाला छातीठोक काही सांगणार नाही."

"म्हंजी आत्ता तुमालाबी ठावं न्हाई."

"पूर्ण नाही."

खरं म्हणजे इथं कडूबानं निघून जायला पाहिजे होतं. पण बैल विकणाऱ्याच्या तोंडून 'मला पूर्ण ठाऊक नाही' असं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. तो तिथंच घुटमळला. डॉक्टरांनी ओला फोटो खिडकीसमोर धरला.

काळ्यावर पांढरे दात. जबड्यात एक गोल काळं घर. एकच, कडेला रेघ मारल्यासारखं. आणि त्या घराच्या तळाशी एक दात आडवा पडलेला, गोठ्यात बैल कुशीवर बसावा तसा.

"ही तुमची हरवलेली दाढ. वर यायचं सोडून आत आडवी झाली आणि तिच्याभोवती पाणी साचलं. रामकिसनच्या फोटोत मधाच्या पोळ्यासारखी घरंच घरं होती. तुमच्यात एकच आहे."

"ह्यो फोटो माहाच कशावरून? दवाखान्यात काय कमी जबडे हायेत?"

कडूबानं त्यांच्या हातातून फोटो घेतला. बाजारात घेतो तसा वेळ घेतला. पुढून मागं मोजत गेला. शेवटून दुसऱ्या दाढेचा एक कोपरा तुटका होता, तिरका, आतल्या अंगानं. त्यानं फोटो डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताचं बोट स्वतःच्या तोंडात घातलं. घनसावंगीच्या एका गोऱ्ह्यानं मान झटकली, शिंगाचा फटका हनुवटीला बसला आणि दाढेचा टवका उडाला, त्याला अकरा वर्षं झाली होती. बोट त्या कोपऱ्यावर थांबलं. डोळे फोटोवर. पुन्हा बोट.

"माहाच हाय," तो म्हणाला. कुणी त्याचा चोरीला गेलेला बैल परत आणून दाखवावा तसा त्याचा आवाज झाला होता.

मग त्यानं अटी घातल्या. झोपेची दवाई घेणार नाही. झोपलेल्या माणसाचं काय काढलं न् काय ठेवलं, कोण सांगणार. जे काढाल ते हातात द्यायचं. आणि तोंडात काही मागं ठेवलं तर सांगून ठेवायचं.

"सुई देऊन जबडा बधिर करतो. दुखणार नाही, पण खरवडल्याचा आवाज डोक्यात येईल. आणि हललात तर माझा हात चुकेल."

"तुमचा हात न्हाई चुकला तर म्या न्हाई हलत."

तासभर तो हलला नाही. डॉक्टरांनी आतून हिरडी कापली, पापुद्र्यासारखं झालेलं हाड सोललं आणि पिशवी हळूहळू सोडवून काढली. नर्सनं नंतर साळूबाईला सांगितलं, पेशंट सगळा वेळ डॉक्टरांच्या हातांकडंच बघत होता, डोळे मिटले नाहीत. पोकळीत पिवळी औषधी पट्टी भरली आणि ती भरलीय हे डॉक्टरांनी त्याला मोठ्यानं सांगितलं.

तोंड सुजलेलं असतानाच त्यानं हात पुढं केला. गाठीची पिशवी बाटलीत गेली होती, हैद्राबादला धाडायला. दाढ त्याला मिळाली. त्यानं ती धोतराच्या सोग्यानं पुसली, नखानं वरचं टोक चाचपलं, उजेडात फिरवली. घास चावलेला दात वरून सपाट होतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ही दाढ वरून टोकदार होती, कोरी. बेचाळीस वर्षांची आणि एक भाकरसुद्धा न चावलेली. दुसऱ्याच्या तोंडातून उपटून ती अशी आणताच आली नसती.

"आदत," तो सुजल्या तोंडानं एवढंच बोलला. साळूबाईला कळलं. डॉक्टरांना कळलं नाही.

पण दाढ खरी निघाली म्हणून गाठ चांगली ठरत नव्हती. पुढचे अठरा दिवस वाईट गेले. दर चौथ्या दिवशी पट्टी बदलायला धावड्याहून जालना. रामकिसन अजून व्हरांड्यातच होता. कडूबा त्याच्या शेजारी बसायचा, पण पहिल्यासारखं विचारायचा नाही. रात्री जेवताना पेज पीत पीत तो हनुवटीखाली बोटं लावून बघायचा, फुगतंय का. साळूबाई म्हणायची, "हात काढा. पेरलेलं उकरून पाहतेत का कुणी रोज?"

एकोणिसाव्या दिवशी कागद आला. इंग्रजीत. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, वाईट काही नाही, साधी पाण्याचीच. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा.

"बरी हाय तर सहा महिन्यानं कामून?"

"हाड भरतंय का पाहायला. आणि मी माणूस आहे म्हणून."

"कागद घंटाभर द्या."

डॉक्टरांनी दिला. कडूबा मस्तगडातल्या दवाखान्यातून पायी स्टेशनला गेला, तिकिटाच्या खिडकीवर चष्म्याच्या बाबूसमोर कागद धरला आणि म्हणाला, "साहेब, माह्या पाव्हण्याचा कागद हाय. डाक्टर म्हणतेत, त्याचा जबडा काढावा लागंल. खरं हाय का?"

बाबूनं दोनदा वाचलं. तो डॉक्टर नव्हता, पण इंग्रजी येत होतं. "असं कुठं लिहिलंय? कापू नका म्हणावं. यात वाईट काही सापडलं नाही, असं स्वच्छ लिहिलंय. कोण डाक्टर आहे हा?"

"हाय एक. बराबर हाय तो," कडूबा म्हणाला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

बाहेर येऊन तो पिंपळाखाली गेला. साळूबाई तिथं गाठोड्यावर बसून वाट पाहत होती. तिनं तोंडाकडं पाहिलं आणि गाठोडं उचललं. "कागद वापस देऊन ये," तो म्हणाला. "म्या हितल्या बैलबाजारात हाय. त्या धर्मराजची जोडी आज यायचीय, तीन बाजार झाले चारदाती म्हणून सांगून राह्यलाय."

जालन्याच्या बाजारात बैल उभे होते. धर्मराज कासरा धरून पुढं आला, बोलायला लागला. कडूबा त्याचं ऐकत नव्हता. त्यानं बाह्या वर सारल्या, डावीकडच्या बैलाच्या नाकपुड्यांत बोटं घातली, मान वर केली आणि जीभ मुठीत धरली.